यादीत नसलेली माती

"आई, आपला स्टेट फॉसिल कोणता?"

कुकरची तिसरी शिट्टी होत होती, एका हातात पळी, दुसऱ्या हातात फोन, आणि लेक डायनिंग टेबलावर चार्ट पेपर पसरून बसलेली. मी म्हटलं, कोणाचा फॉसिल? आपला म्हणजे कोणाचा? ती वैतागली. "अलाबामाचा, आई!" नऊ वर्षं झाली इथे हंट्सव्हिलला राहून, पण "आपला" म्हटलं की माझ्या डोक्यात अजून यवतमाळच येतं. तिच्या डोक्यात अलाबामा येतं, त्यात तिचं काही चुकत नाही, ती इथेच जन्मलीये.

अलाबामात चौथीच्या मुलांना राज्याचा इतिहास शिकवतात, आपल्याकडे चौथीत शिवाजी महाराज असतात तसं. म्हणजे चौथीतल्या प्रत्येक घरात एकदा तरी राज्याच्या अधिकृत चिन्हांचा हा चार्ट पेपर येतोच. पक्षी, फूल, झाड, दगड, सगळ्याची चित्रं चिकटवायची आणि खाली वर्ष लिहायचं. आमच्या घरात तो चार्ट आला तेव्हा माझे बाबा पण आलेले होते, तीन महिन्यांसाठी, पांढरकवड्याजवळच्या गावाहून. आयुष्यभर कास्तकारी केलेला माणूस. पऱ्हाटी, तूर, थोडी सोयाबीन. इथे येऊन दिवसभर करायचं काय हा त्यांचा मोठा प्रश्न होता, तो नातीच्या होमवर्कने सोडवला.

तर यादी. फॉसिल निघाला बॅसिलोसॉरस. नावात सॉरस आहे म्हणून मला वाटलं डायनासोर, पण तो व्हेल आहे, साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वीचा. १८३० च्या दशकात ज्यांनी नाव ठेवलं त्यांनाही तो सरपटणारा प्राणीच वाटला होता, नंतर दात नीट बघितल्यावर कळलं की हा सस्तन, पण तोवर नाव पक्कं झालेलं. दक्षिण अलाबामातल्या शेतांत त्याचे मणके इतके सापडायचे म्हणे की लोकांनी घराच्या टेकूला लावले. आता १९८४ पासून तो राज्य जीवाश्म आहे आणि गव्हर्नरच्या लेखी परवानगीशिवाय त्याला राज्याबाहेर नेता येत नाही. बाबा म्हणाले, "मेल्यावर लय इज्जत हाये बाप्पा."

पक्षी यलोहॅमर, १९२७ पासून. सुतारपक्ष्यातला प्रकार, पंखांच्या आतून पिवळा. पण हे नाव नुसतं पक्ष्यावरून राज्याला चिकटलेलं नाही. यादवी युद्धात हंट्सव्हिलच्या घोडदळाचे काही जवान नव्याकोऱ्या पिवळ्या पट्ट्यांच्या गणवेशात आले, बाकीच्या मळक्या सैनिकांनी त्यांना यलोहॅमर म्हणून चिडवलं, आणि पुढे सगळं राज्यच यलोहॅमर झालं. म्हणजे झाडावरचा बिचारा पक्षी, त्याच्या मागेही कॉन्फेडरेट सैन्य उभं, म्हणजे गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांचं. हे इथे सतत होतं. कुठलीही साधी गोष्ट खरवडली की खाली १८६१ निघतं, ते युद्ध लागलं ते वर्ष.

फूल कॅमेलिया. ते आधी गोल्डनरॉड होतं, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवणारं पिवळं रानफूल. बटलर काउंटीतल्या बायकांना वाटलं हे कसलं राज्यफूल, हे तर तण, मग त्यांनी खटपट केली आणि १९५९ मध्ये कॅमेलिया आला. गंमत म्हणजे गोल्डनरॉड इथलंच आणि कॅमेलिया आशियातून आलेला, आपल्या चहाचा सख्खा भाऊ, एकाच कुळातला. हे मी बाबांना सांगितलं तर ते बागेत जाऊन पानं चुरगाळून वास घेऊन आले. "चहासारखा नाई येत," इतकंच बोलले, नाराज होऊन.

मग झाड लाँगलीफ पाइन, नट पिकॅन, दगड संगमरवर, कासव, सॅलमँडर, अस्वल, मॅनेटी, मोनार्क फुलपाखरू. राज्याची अधिकृत दारू सुद्धा आहे, ती लेकीने गाळली. राज्याचा अधिकृत केक आहे. २०२३ मध्ये अधिकृत बिस्कीट झालं, तेही चौथीतल्याच एका मुलीच्या कल्पनेतून, शेंगदाणे आणि पिकॅन घातलेलं, त्यामुळे आमच्याकडे दोन दिवस "मग मी पण काहीतरी करणार, चिवडा करूया का स्टेट स्नॅक" हे चालू होतं.

आणि मग आलं स्टेट सॉइल. राज्याची अधिकृत माती! मला आधी खरंच वाटलं नाही. पण आहे, १९९७ पासून, नाव बामा.

बाबांनी चष्मा वर केला. इतका वेळ ते शेंगा फोडत ऐकत होते. "कोणत्या रंगाची?"

लेकीने फोटो दाखवला. तांबूस, रेताड.

"अन् कापूस कुठी हाये यादीत?"

आम्ही परत वाचली. दोनदा वाचली. रताळं आहे (२०२१), ब्लॅकबेरी आहे, पीच आहे. मला कापूस काही सापडला नाही. ज्या पिकावर हे राज्य उभं राहिलं, ज्याला इथे किंग म्हणायचे, ते त्या चार्टवर नाही. बाबांना हे फार लागलं. म्हणजे राजकीय वगैरे अर्थाने नाही, त्यांना ते इतिहास वगैरे तोवर माहीत नव्हतं, त्यांना एक कास्तकार म्हणून लागलं की पिकवायचं अन् नाव नाही घ्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना लाइमस्टोन काउंटीत घेऊन गेले. आमच्या घरापासून अर्धा तास. ऑक्टोबर होता, दोन्ही बाजूला पांढरंच पांढरं, डोळे दुखतील असं. एक पान नाही झाडावर, कारण इथे वेचणीच्या आधी औषध फवारून पानं गाळतात, नाहीतर मशीनमध्ये कचरा जातो. आणि मशीन म्हणजे एक अजस्र हिरवी गोष्ट, ती एका बाजूने पऱ्हाटी खात जाते आणि मागून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गोल गठ्ठा टाकते, पिवळा किंवा गुलाबी. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून वीस मिनिटं बघत होते. मला वाटलं खूश झाले असतील. गाडीत बसल्यावर म्हणाले, "येक बी बाई नाई वावरात."

आमच्याकडे वेचणी म्हणजे बायका. पहाटेची थंडी, कमरेला ओटी, बोटांना बोंडाची टोकं लागून चिरा पडलेल्या, किलोवर मजुरी. माझी आजी पण वेचायला जायची. मशीन आलं तर त्या बायकांचं भलं झालं असतं का वाईट, हे मला खरंच ठरवता येत नाही, आणि मी ह्या लेखात ठरवणार पण नाहीये.

पण इथे वेचायचं कोण, आधी? तो प्रश्न बाबांनी विचारला आणि तिथून आमची ट्रिप ठरली.

राज्याचा नकाशा आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अलाबामा उभट आहे, उत्तर-दक्षिण साधारण ५३० किलोमीटर, खाली मोबील बे पाशी दोन पाय काढल्यासारखं समुद्राला टेकतं. क्षेत्रफळ १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, आणि लोकसंख्या पन्नास लाख, मुंबईच्या निम्मी पण नाही. ६७ काउंट्या. १४ डिसेंबर १८१९ ला हे अमेरिकेचं २२ वं राज्य झालं. उत्तरेला अॅपलाचियनच्या शेपटाच्या टेकड्या, तिथलं सगळ्यात उंच टोक चीहा, सुमारे २४०० फूट, कळसूबाईच्या निम्मं पण नाही. टेनेसी नदी वरून कमान करून जाते, बाकीच्या नद्या, कूसा, टॅलापूसा, कहाबा, ब्लॅक वॉरियर, टॉमबिगबी, वेगवेगळ्या वाटांनी फिरून एकमेकींना मिळत शेवटी मोबीलला पोचतात. राज्याच्या शिक्क्यावर बाकी काही नाही, नकाशा आणि ह्या नद्याच आहेत, आणि मला तो शिक्का त्या सगळ्या चिन्हांमध्ये सगळ्यात प्रामाणिक वाटतो. नदीला काय खोटं बोलायचंय.

नावाबद्दल पण एक गोड थाप बरीच वर्षं चालली. अलाबामा म्हणजे "इथे आपण विसावतो", असं एक भाषांतर प्रसिद्ध झालं आणि १९३९ पर्यंत तेच बोधवाक्य होतं. अभ्यासकांच्या मते ते चॉक्टॉ ह्या इथल्या मूळनिवासी भाषेतल्या झाडोरा आणि तोडणं-साफ करणं ह्या अर्थाच्या शब्दांवरून आलंय, शेतीसाठी रान साफ करणारे लोक. मला हे दुसरं जास्त आवडलं. विसावायला त्यांना दिलं कोणी? १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत क्रीक ह्या मूळनिवासी लोकांचा पराभव झाला, तहात दोन कोटी एकरांहून जास्त जमीन गेली, आणि १८३० च्या दशकात उरलेल्यांना मिसिसिपीपार हाकललं. ज्यांनी रान साफ केलं त्यांचं नाव राज्याला राहिलं, ते राहिले नाहीत. थोडेसे पोआर्च क्रीक अजून आहेत दक्षिणेला.

तर शनिवारी पहाटे निघालो. I-६५ ने सरळ खाली. बर्मिंगहॅमला डोंगरावर व्हल्कनचा, रोमन लोकांच्या लोहारदेवाचा, पुतळा आहे, ५६ फुटी ओतीव लोखंडी, १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला. लोहखनिज, कोळसा, चुनखडी तिन्ही एकाच खोऱ्यात सापडले म्हणून १८७१ मध्ये गावच वसवलं. पुतळ्याला पुढून एप्रन आहे, मागून काहीच नाही, लेकीला हसू आवरेना, बाबांनी मान फिरवली.

पुढे वेटम्पका लागतं, तिथे मी मुद्दाम वाट वाकडी केली. कारण वेटम्पका म्हणजे अलाबामाचं लोणार. आठ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे उल्का पडली, तेव्हा इथे उथळ समुद्र होता, म्हणजे पाण्यात धडाम्. विवर पाचेक मैलांचं, लोणारपेक्षा कितीतरी मोठं, पण लोणारला जसं काठावर उभं राहिलं की पोटात खड्डा पडतो तसं इथे काही नाही. टेकड्या आहेत, त्यावर घरं आहेत, गॅस स्टेशन आहे. झिजून गेलंय सगळं. बाबा म्हणाले कुठी हाये? मी म्हटलं आपण आतच आहोत.

पण तो उथळ समुद्र लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

तेव्हा समुद्राचा किनारा अलाबामाच्या मधोमध होता. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव मरून तळाशी साचत गेले, त्याचा खडू झाला, सेल्मा चॉक म्हणतात त्याला. समुद्र मागे गेला, खडू वर आला, वर गवताळ रान वाढलं आणि कोट्यवधी वर्षांनी त्याची झाली काळी, चिकट, सुपीक माती. राज्याच्या कमरेवर पट्टा बांधावा तशी ती आडवी पसरलीये. नाव ब्लॅक बेल्ट. आधी मातीच्या रंगावरून पडलं, आणि मग, बुकर टी. वॉशिंग्टन ह्या काळ्या शिक्षणतज्ज्ञांनी लिहून ठेवलंय तसं, जिथे काळे लोक गोऱ्यांपेक्षा जास्त तो भाग असा त्याचा अर्थ झाला. दोन्ही अर्थ एकमेकांतून आलेले आहेत. माती काळी म्हणून कापूस, कापूस म्हणून गुलाम. १८६० च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या ९ लाख ६४ हजार, त्यातली ४ लाख ३५ हजार माणसं गुलाम. आजही निवडणुकीचा निकाल नकाशावर रंगवला की लाल (रिपब्लिकन) राज्यात मधोमध एक निळा (डेमोक्रॅटिक) पट्टा उमटतो, तो साधारण त्या जुन्या किनाऱ्याच्या कडेकडेने जातो. आठ कोटी वर्षांपूर्वी मेलेले जीव अजून मतदान करतात म्हणा ना.

सेल्माकडे जाणाऱ्या हायवे ८० वर मी गाडी बाजूला घेतली. बाबा उतरले, चपलेने कडेची माती उकरली, खाली बसले आणि एक ढेकूळ उचललं. तोडायला बघितलं, तुटेना. थोडं पाणी टाकलं बाटलीतलं, बोटांत मळलं, त्याची लांब वळी केली. ती तुटली नाही. मग माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच त्यांच्यापासून हे इतके दिवस लपवून ठेवलं होतं.

"पोरी, हे त आपली हाये."

मी त्यांना सांगितलं की आपली काळी माती लाव्हारसाच्या बेसॉल्टपासून झाली, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीमुळे, आणि ही समुद्रातल्या खडूपासून, दोन्हींची आई वेगळी. त्यांनी ऐकून घेतलं. "असन. पण चांगली काळी असन त उन्हाळ्यात भेगा पडन. पडते का?" पडतात. पावसात फुगते, उन्हात फाटते, इथे घरांचे पाये हलतात त्यामुळे. त्यांनी रुमालात मूठभर घेतली, आणि तेवढ्यात ओरडले, कारण फायर अँट्सचं वारूळ होतं शेजारीच. ह्या मुंग्या दक्षिण अमेरिकेतून मोबील बंदरात १९३० च्या दशकात जहाजातून उतरल्या आणि सगळीकडे पसरल्या. बाबांच्या पायाला सात-आठ फोड आले, ते आठवडाभर सगळ्यांना दाखवत होते.

ह्या मातीचा दुसरा चेहरा पण आहे. तिथेच, लाऊन्डेस काउंटीत, चिकणमातीत पाणी मुरत नाही, म्हणून साधा सेप्टिक टँक चालत नाही, दुसरी सोय महाग, आणि गरीब घरांच्या मागे सांडपाणी उघड्यावर वाहतं. अमेरिकेत! मी इथे येईपर्यंत मला हे कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लाऊन्डेसबद्दल मात्र मला निवांत लिहायचंय. सेल्मा सगळ्यांना माहीत असतं, ७ मार्च १९६५, एडमंड पेटस ब्रिज, पोलिसांच्या लाठ्या, मग दोन आठवड्यांनी काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मॉन्टगोमेरीपर्यंत निघालेला ५४ मैलांचा मोर्चा. तो मोर्चा ज्या काउंटीतून चालत गेला ती लाऊन्डेस. तिथे जवळजवळ ८० टक्के वस्ती काळ्या लोकांची, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत एकाही काळ्या माणसाचं नाव नव्हतं. एकाही. ज्यांनी नंतर नावं नोंदवली त्यांना जमीनमालकांनी घरातून काढलं, ते हायवेच्या कडेला तंबूंत राहिले. त्या जागेवर आता केंद्र सरकारच्या पार्क सर्व्हिसचं छोटं म्युझियम आहे.

मोर्चा पुढे गेला, पण स्टोकली कारमायकल हा नागरी हक्क चळवळीतला तरुण कार्यकर्ता आणि त्याचे साथीदार लाऊन्डेसमध्येच थांबले आणि त्यांनी तिथल्या लोकांबरोबर स्वतःचा पक्ष काढला. आता अलाबामात नियम असा, की बॅलटवर पक्षाला चित्र हवं, कारण बऱ्याच लोकांना वाचता येत नाही. आपल्याला ह्यात नवीन काही नाही, बैलजोडी, गाय-वासरू, हात, कमळ. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं चित्र होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यावर व्हाइट सुप्रिमसी असं उघड छापलेलं असायचं. मग ह्या लोकांनी निवडला काळा बिबळ्या. ब्लॅक पँथर. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते निवडणूक हरले, पण चित्र पळालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली ती हेच चिन्ह घेऊन, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार वगैरे मंडळींनी दलित पँथर काढली.

म्हणजे आपल्या वस्त्यांमधल्या भिंतींवर रंगवलेल्या पँथरचं मूळ गाव हे. ह्या चिकट मातीतली एक काउंटी, जिथे आज पण धड ड्रेनेज नाही.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नागपूरला कॉलेजात होते तेव्हा त्यांच्या रूममेटच्या लोखंडी पेटीवर ते चित्र चिकटवलेलं होतं. त्यांनी त्याला विचारलं होतं, हा वाघ कुठला? तो म्हणाला होता, अमेरिकेतला. "मले वाटलं थो फेकून राह्यला." ते दोघं नंतर कधी भेटले नाहीत. कारण मी विचारलं नाही, गावाकडच्या गोष्टी, कोण कोणाच्या घरी जेवतो न जेवतो, त्यातलं काहीतरी असणार, बाबांचा चेहरा तसा झाला होता.

मॉन्टगोमेरीत रात्र काढली. ही राजधानी १८४६ पासून, त्याआधी कहाबा, टस्कलूसा अशी फिरत होती. कॅपिटलच्या ओसरीत एक पितळी तारा बसवलाय, जिथे १८ फेब्रुवारी १८६१ ला जेफरसन डेव्हिसने कॉन्फेडरसीचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. पायऱ्या उतरून चालायला लागलं की मिनिटभरात लाल विटांचं डेक्स्टर अव्हेन्यू चर्च, तिथे मार्टिन लूथर किंग पाद्री होते, १९५५ च्या डिसेंबरात बसमधली जागा गोऱ्या माणसाला दिली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली आणि ३८१ दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत, त्याचा सगळा कारभार ह्या गल्ल्यांतून चालला. तेव्हाचे किंग, ह्याच चर्चचे पाद्री असताना, १९५९ मध्ये मुंबईला आले आणि मणिभवनमध्ये राहिले. मी मणिभवनला शाळेच्या सहलीत गेलेय, मला तिथली चरख्याची खोली आठवते आणि सोबतच्या मुलीने डब्यातून आणलेला साखरआंबा आठवतो, किंगबद्दल कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

तारा आणि चर्च, मधे मिनिटभराचं अंतर. आणि वर कळस म्हणजे अलाबामात जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी जी सुट्टी असते ती किंग ह्यांचीही आणि कॉन्फेडरेट जनरल रॉबर्ट ई. ली ह्यांचीही. एकाच दिवशी, एकाच सुट्टीत. लेकीला हे शाळेत एका वाक्यात सांगून पुढचा धडा सुरू झाला होता.

बाबांना मी १८६१ ची दुसरी बाजू सांगितली, जी त्यांना जास्त जवळची वाटली. युद्ध लागलं, उत्तरेच्या नौदलाने मोबीलसकट सगळी बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि भाव भडकला तो मुंबईचा. मुंबईत पैशाचा पाऊस, बॅकबे भरणीच्या कंपनीच्या शेअर्सवर लोक वेडे झाले, प्रेमचंद रायचंद सट्ट्याचा राजा. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. पण तोपर्यंत इंग्रजांना वऱ्हाडची काळी माती नीट दिसली होती, मग खामगाव, अमरावतीच्या बाजारपेठांपर्यंत रेल्वेचे फाटे गेले. आणि आता बाबांच्या वावरात जी पऱ्हाटी उभी असते ती जात सुद्धा अमेरिकन अपलँडच, आणि २००२ नंतरचं बीटी बियाणं तर आहेच. इथे चार्टवर कापूस नाही, आणि आमच्या गावात त्याच्याशिवाय दुसरं काही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एंटरप्राइझ. हे गाव कॉफी काउंटीत आहे, कॉफीचा संबंध नाही, जॉन कॉफी नावाच्या जनरलचं नाव. भर चौकात एक पांढरी बाई, ग्रीक देवीसारखी, दोन्ही हात वर, आणि हातांत किडा. बोल वीव्हिल. आपल्या तांदळात टोका असतो ना, सोंड असलेला, त्याचा पुढारलेला भाऊ, कापसाच्या बोंडात अंडी घालतो. आपली बोंडअळी वेगळी, हा वेगळा, हा आपल्याकडे नाही. १८९० च्या दशकात मेक्सिकोतून टेक्सासला शिरला, १९१० च्या सुमारास अलाबामात पोचला आणि इथला कापूस साफ केला. शेतकरी रडले, मग शेंगदाण्याकडे वळले (टस्कीगीचे शेतीतज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आधीपासून बोंबलत होतेच की कापसाने जमीन मेली, शेंगा लावा), आणि दोनचार वर्षांत ही काउंटी शेंगदाण्यावर श्रीमंत झाली. म्हणून ११ डिसेंबर १९१९ ला गावाने किड्याचे आभार मानणारं स्मारक उभारलं. आधी नुसती बाईच होती, किडा तिच्या हातात तीस वर्षांनी आला.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. मला ती गोष्ट फार आवडते, संकटातून मार्ग वगैरे. बाबा पुतळ्याकडे बघत उभे.

"थे पैसेवाले लोक होते," ते म्हणाले.

मी म्हटलं, म्हणजे?

"कापूस गेला त शेंगा लावल्या. लावाले बियाणं कोणं देल्लं? कर्ज कोणं थांबोलं?" मग थोड्या वेळाने, "सत्रा साली आपल्या गावात बोंडअळी आली थे पाह्यलं तू? कोनाचा पुतळा बांधाव?"

२०१७ मी इथेच होते. फोनवर ऐकत होते. गुलाबी बोंडअळी, नांगर फिरवलेली वावरं, फवारणीत विषबाधा होऊन गेलेली माणसं. त्यांनी त्या वर्षी मला खर्चाचं काही कळू दिलं नव्हतं. आणि एंटरप्राइझला सुद्धा बियाणं आणि पैसा आला तो बँकवाल्या, व्यापारी लोकांकडून, त्यांनी पुढाकार घेतला म्हणून जमलं, हे खरंच आहे. जे वाट्याने शेती करायचे, ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नव्हती, त्यातले कित्येक उत्तरेकडच्या शहरांत निघून गेले. त्यांच्या हातात कोणी काही दिलेलं पुतळ्यात दिसत नाही. मी इतकी वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगत होते, मला कधी सुचलं नाही.

किडा शेवटी गेला तो १९९० च्या दशकात, सरकार आणि शेतकऱ्यांनी मिळून राबवलेल्या मोहिमेत, वावरोवावरी कामगंध सापळे लावून. हे ऐकल्यावर मात्र बाबांनी मान डोलावली. "सापळे आपल्याकडंबी हाये. पण शेजाऱ्यानं लावले पायजे ना."

परतीच्या वाटेवर एका टपरीवर पाटी, बॉइल्ड पीनट्स. मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, गरम, कागदी पिशवीत. बाबा तीन दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले. टपरीवाल्या आजींनी विचारलं, "व्हेअर यॉल फ्रॉम?" हा यॉल बाबांना लगेच समजला, इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं ह्याचा त्यांना राग होता, इथल्या लोकांनी आपला वेगळा तुम्ही करून घेतलाय. त्यांनी उत्तर दिलं "यवतमाळ," आणि आजी म्हणाल्या, "ब्लेस युअर हार्ट." मी भाषांतर केलं नाही. त्याचे दोन अर्थ होतात, एक मायेचा, एक टोमण्याचा, आणि तो कोणता होता ते मला अजून माहीत नाही.

चार्ट पूर्ण झाला. लेकीने एका कोपऱ्यात, कोणी सांगितलं नसताना, एक काळा बिबळ्या काढला आणि खाली लिहिलं, लाऊन्डेस काउंटी, १९६६. बाईंनी त्यावर प्रश्नचिन्ह काढून परत पाठवला. मग काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण चार्ट महिनाभर वर्गात लागलेला होता, बिबळ्यासकट.

रुमालातली माती विमानातून नेता येत नाही, नियम कडक आहेत, शिवाय मुंग्यांची भीती. म्हणून बाबांनी जाताना ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून पॅटिओच्या कठड्यावर ठेवली, वरून पाणी टाकून दाबून सपाट केली आणि मला बजावलं, आता पाणी टाकू नको, पाहत राह्य. डिसेंबर गेला, काही नाही. मी विसरून पण गेले होते. परवा उन्हात कपडे वाळत टाकताना लक्ष गेलं, डब्यात मधोमध एक भेग होती, करंगळीचं टोक जाईल एवढी, आणि तिला फुटलेल्या तीन लहान. मी फोटो काढून पाठवला. तिकडे पहाटेचे साडेचार असतील, तरी निळ्या टिका लगेच आल्या.

उत्तर आलं, "आता पाणी दे."